लाइनवर रोबोट येतोय? वेल्डर, हेल्पर, ऑपरेटर लोकांनी आतापासून काय शिकायचं

मागच्या महिन्यात मावसभावाचा रात्री साडेअकराला फोन आला, सेकंड शिफ्ट नुकतीच सुटलेली, मागे बसचा आवाज. म्हणाला दादा, आमच्या शॉपमध्ये रोबोट आलाय, अजून प्लास्टिकमध्येच गुंडाळलेला आहे, खालचे बोल्ट पण मारले नाहीत, पण टपरीवर सगळ्यांच्या तोंडी एकच, किती जणांना काढणार. मी विचारलं कुठल्या रंगाचा आहे, तो म्हणाला पिवळा. म्हटलं मग बहुतेक फॅनुक (रोबोट बनवणारी जपानी कंपनी) असेल, घाबरू नको, त्यावर मी नऊ वर्षं काढलीत. त्याला तासभर जे सांगितलं तेच इथं टाइप करतोय, कारण हाच प्रश्न आता बऱ्याच पोरांना पडलाय.

माझी ओळख एवढीच की आयटीआय वेल्डर, चाकण पट्ट्यात पाच वर्षं हाताने सीओटू वेल्डिंग, म्हणजे रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि आई बटाट्याचे काप ठेवायची ते सगळं केलेलं, आणि मग रोबोट सेलवर, म्हणजे कुंपणात रोबोट बसवलेला वेल्डिंगचा भाग. इंजिनियर नाही, त्यामुळे भाषा शॉपमधलीच आहे, समजून घ्या.

आधी खरं ते सांगतो. माणसं कमी होतात. आमच्याकडे एका ब्रॅकेटच्या लाइनवर सहा वेल्डर होते, सेल आल्यावर दोन लोडर (पार्ट लावणारे-काढणारे) राहिले आणि शिफ्टला एक रोबोटवाला. "रोबोटमुळे नोकऱ्या वाढतात" असं कोणी स्टेजवरून सांगितलं तर टाळ्या वाजवा, पण आपल्या लाइनवर कोण उरणार हे आपलं आपण बघा. आणि कोण उरणार हे सिनियॉरिटीवर ठरत नाही हो, रोबोट अडला की कोणाला हाक मारतात त्यावर ठरतं.

म्हणून पहिलं काम, रोबोट काय करू शकत नाही ते नीट बघून ठेवा. साधा वेल्डिंग रोबोट आंधळा असतो. तुम्ही टाकलेल्या पॉइंटवर तो दर वेळी तसाच जातो, चूक असेल तर चूक पण तशीच्या तशी करतो. प्रेसवरून आलेल्या पार्टमध्ये दीड-दोन मिलिमीटरचा गॅप असला तर हाताने वेल्ड करणारा माणूस न सांगता गन थोडी हलवतो, वेग कमी करतो, गॅप भरून टाकतो, त्याला स्वतःला पण कळत नाही आपण काय केलं ते. रोबोट त्याच वेगाने सरळ निघून जातो आणि मागे भोक. सेल सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आमचं रिजेक्शन इतकं वाढलं की सगळे रोबोटला शिव्या घालत होते, मग एका जुन्या वेल्डरने पार्ट हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाला अरे हा गॅप रोजचाच आहे, आपण भरत होतो म्हणून कोणाला दिसत नव्हता. तो माणूस आज सेलचा इनचार्ज आहे. पेंडंट, म्हणजे रोबोट शिकवायचा हातातला रिमोट, त्याला अजूनही धड चालवता येत नाही.

तर मुद्दा हा की ब्लो होल (वेल्डमधलं गॅसचं भोक) का आला, अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच) का पडला, गॅस कमी आहे का टिप खराब झाली का वायर लायनरमध्ये अडकतेय, हे ज्ञान फेकून देऊ नका. पोरं पेंडंट शिकायच्या नादात वेल्डिंगच विसरतात, आणि मग बीड, म्हणजे वेल्डची रेघ, खराब आला की दिवसभर पॉइंट टचअप करत, म्हणजे थोडे थोडे सरकवत बसतात. खरं तर नोजलमध्ये स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) भरलेला असतो, दोन मिनिटांचं काम.

आता पेंडंट. कंपनी ट्रेनिंग देईल तेव्हा देईल, त्याआधी जो इन्स्टॉलेशनला इंजिनियर येतो ना, त्याच्या मागे मागे राहा. चहा आणून द्या, पाना द्या, काही पण करा पण त्या चार-पाच दिवसांत सेल सोडू नका. तो माणूस गेल्यावर तेच प्रश्न विचारायला कंपनीला पैसे पडतात, त्यामुळे कोणी विचारू देत नाही.

पेंडंटच्या मागच्या बाजूला एक स्विच असतो, डेडमॅन म्हणतात. तो अर्धा दाबून धरला तरच मॅन्युअलमध्ये रोबोट हलतो. सोडला तर थांबतो, आणि जोरात आवळला तरी थांबतो. मला पहिले दोन दिवस वाटलं स्विचच खराब आहे, कारण मी भीतीने मूठ आवळून धरत होतो आणि तो दर वेळी बंद पडत होता. पण तो तसाच बनवलाय, माणूस घाबरला की एकतर हातातलं टाकतो नाहीतर घट्ट आवळतो, दोन्ही वेळा रोबोट थांबला पाहिजे. टी-वन ह्या हळू चालणाऱ्या मॅन्युअल मोडमध्ये वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या वर जात नाही, शिकताना त्याच मोडमध्ये राहा. कोणी म्हणालं टी-टू (पूर्ण वेगाचा मॅन्युअल मोड) लाव लवकर होईल, तर त्यालाच आत जाऊ द्या.

सेफ्टीवर थोडं जास्त लिहितो, बाकी स्क्रोल करून गेलात तरी हे वाचा. 25 जानेवारी 1979 ला अमेरिकेत मिशिगनमध्ये फ्लॅट रॉकला फोर्डच्या कास्टिंग प्लांटमध्ये रॉबर्ट विल्यम्स नावाचा 25 वर्षांचा कामगार पार्ट काढायला रॅकवर चढला, रोबोटचा हात मागून आला आणि तो जागीच गेला. रोबोटमुळे मेलेला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. तो आत का गेला, तर काम अडलेलं होतं म्हणून. आपल्याकडे पण लोक नेमके ह्याच कारणाने आत जातात! गेटच्या इंटरलॉकमध्ये (गेट उघडलं की रोबोट थांबवणारा स्विच) जास्तीची चावी अडकवून ठेवतात, म्हणजे गेट उघडं असलं तरी मशीनला वाटतं बंद आहे, आणि मग "फक्त एक पार्ट सरळ करतो" म्हणून वाकून आत. थांबलेला रोबोट बंद असतोच असं नाही, तो नुसता सिग्नलची वाट बघत असतो. प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोर तुमचा हात आला की सिग्नल मिळाला. आत जायचं तर स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात, इनचार्जच्या ड्रॉवरमध्ये नाही. कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी कुंपणाशिवाय चालणारा रोबोट, असेल तर लोक म्हणतात तो अंगाला लागला की थांबतो. थांबतो हो, चाकणला बजाज ऑटोने 2010 पासूनच असे कोबॉट लावलेत आणि ते माणसांच्या शेजारी चालतात, पण कोबॉटच्या टोकाला गरम टॉर्च किंवा धारदार पार्ट असेल तर तो थांबून काय उपयोग, भाजायचं ते भाजणारच.

प्रोग्राम म्हणजे फार मोठं काही नाही. फॅनुकमध्ये ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षर J असेल तर सांधे आपापले फिरवून जमेल तसा जातो, L असेल तर सरळ रेषेत. शेवटी फाइन असेल तर पॉइंटवर पूर्ण थांबतो, सीएनटी असेल तर कोपरा गोल मारून पुढे जातो. हवेतल्या पॉइंटला फाइन ठेवलं की सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) उगाच वाढतो, आणि वेल्ड सुरू होतो तिथं सीएनटी ठेवलं की आर्क भलतीकडेच लागतो. एवढं कळलं की अर्धं समजलं. मग टीसीपी, म्हणजे वायरचं टोक नक्की कुठे आहे हे रोबोटला सांगणं. टॉर्च कुठेतरी धडकली की टीसीपी हलतो आणि सगळे वेल्ड एकाच बाजूला सरकतात, अशा वेळी एकेक पॉइंट टचअप करत बसायचं नाही, आधी टॉर्च सरळ आहे का बघायचं. दुसऱ्या कंपनीच्या रोबोटला भाषा वेगळी, कुकाची केआरएल, एबीबीची रॅपिड, यास्कावाची इन्फॉर्म, पण एक आलं की दुसरं महिन्याभरात जमतं. घरी बसून करायचं असेल तर युनिव्हर्सल रोबोट्सची ऑनलाइन अकॅडमी फुकट आहे, कोबॉटचे बेसिक त्यात छान कळतात, इंग्रजी सोपी आहे.

आता एआय. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये कुठला ना कुठला चॅटबॉट आहेच, आणि मॅन्युअल इंग्रजीत, तर आपल्यासारख्यांना ही खरोखर लॉटरी आहे. मी स्वतः वापरतो. मॅन्युअलमधला पॅरा टाइप करून म्हणायचं "हे मराठीत सोपं करून सांग, मी वेल्डर आहे", खूप बरं सांगतो. पीएलसीचं (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) लॅडर, म्हणजे त्याचा प्रोग्राम, समजून घ्यायला, शिफ्ट रिपोर्टचा मेल लिहायला, इंटरव्ह्यूची तयारी करायला, सगळ्याला. पण एक किस्सा सांगतो.

फॅनुकच्या रोबोटमध्ये खाली बॅटरी बॉक्स असतो, आमच्याकडच्या रोबोटना जुन्या टॉर्चमध्ये घालायचे तसे चार जाडे सेल लागतात. वर्षातून एकदा बदलायचे. ते सेल कशाला, तर पॉवर गेली तरी प्रत्येक सांधा कुठल्या पोझिशनला आहे ते रोबोटच्या लक्षात राहावं म्हणून. नवीन आलेल्या एका पोराने चॅटबॉटला विचारलं बॅटरी कशी बदलू, त्याने एकदम शहाण्यासारखं सांगितलं की आधी मेन पॉवर बंद करा. ऐकायला किती बरोबर वाटतं ना, कुठल्याही मशीनला आपण तेच करतो. पण इथं उलट आहे, कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून, मग सेल बदलायचे. पॉवर बंद आणि सेल पण बाहेर, म्हणजे रोबोट सगळं विसरतो. पोराने चालू केलं आणि स्क्रीनवर एसआरव्हीओ 062 अलार्म. मास्टरिंग, म्हणजे सांध्यांची साठवलेली मूळ जागा, गेलं. पूर्ण रात्र खुणेवर खुणा जुळवत बसलो, सकाळी फर्स्ट शिफ्ट आली तरी चाललंच होतं, आणि त्यानंतर प्रत्येक प्रोग्राम हळू चालवून चेक केला ते वेगळंच.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की एआयला "हे का होतं" आणि "ह्याचा अर्थ काय" विचारायचं, पण "आता काय दाबू" हे फक्त मॅन्युअलला विचारायचं. आणि अलार्म नंबर तर तो कधी कधी ठोकून देतो, इतक्या आत्मविश्वासाने की आपल्यालाच आपली शंका येते. दुसरं, पार्टचे, ड्रॉइंगचे, लाइनचे फोटो त्यात टाकू नका. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात ते काय शोभेला लावत नाहीत, एका फोटोवरून नोकरी जाईल.

पुढं काय येणार ह्याचा अंदाज. पहिला रोबोट 1961 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये लागला, गरम डायकास्टिंग उचलायला, म्हणजे ही गोष्ट साठ वर्षांहून जुनी आहे. तरी 2023 मध्ये अख्ख्या भारतात नवीन लागलेले रोबोट 8,510. दक्षिण कोरियात त्या वर्षी कारखान्यांतल्या दर 10,000 कामगारांमागे 1,012 रोबोट होते. आपल्याकडे खरी लाट अजून यायचीये. आणि आता येणारे आंधळे राहणार नाहीत. वायरने पार्टला हात लावून जागा शोधणारे, करंटच्या चढउतारावरून जॉइंटच्या मागे जाणारे रोबोट आहेतच, कॅमेऱ्याने ट्रेमधून अस्ताव्यस्त पडलेले पार्ट उचलणारे पण आलेत. त्यामुळे माझ्या मते आता धोका वेल्डरपेक्षा लोडरला आणि नुसत्या डोळ्यांनी इन्स्पेक्शन करणाऱ्याला जास्त आहे. जे दिवसभर पार्ट ठेव, बटन दाब, पार्ट काढ एवढंच करतात त्यांनी ही दोन-तीन वर्षं झोपून काढू नका. दोन पायांचे ह्युमनॉइड व्हिडिओत नाचतात ते बघून घाबरायची गरज अजून तरी वाटत नाही, आमच्या शॉपमधल्या तेलकट फ्लोअरवर माणसं घसरतात तिथं ते काय चालणार.

काही कामं मात्र रोबोटने घेतली तर मी पेढे वाटीन. केरळमधल्या जेनरोबोटिक्सने मॅनहोल साफ करायला बँडिकूट नावाचा रोबोट काढला, 2018 पासून वापरात आहे, त्या कामात माणूस उतरवणं हेच मुळात पाप आहे. पेंट बूथ, फाउंड्री, तीच गोष्ट. गावाकडं ड्रोनने फवारणी सुरू झालीय, पाठीवर पंप घेऊन उसात शिरणाऱ्या माणसाला विचारा त्याला काय वाटतं. अर्थात त्याची मजुरी पण गेली, ते पण विचारा. तो ड्रोन उडवायला शिकला तर बरं, पण सगळे कुठे शिकू शकतात.

कोर्स विचारतात सगळे. आयटीआयला आता इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन असा एक वर्षाचा ट्रेड आहे, जवळच्या आयटीआयला आहे का विचारा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमला मेकॅट्रॉनिक्सचे कोर्स असतात. प्रायव्हेट क्लासवाले हजारो रुपये घेतात, त्यांना एकच प्रश्न विचारा, पेंडंट माझ्या हातात रोज किती वेळ? उत्तर गोल गोल आलं तर उठून या. आणि वेल्डिंगचा ट्रेड झाला असेल तर सोबत इलेक्ट्रिकल थोडं शिका, सेन्सर, रिले, 24 व्होल्टची वायरिंग, कारण सेल बंद पडतो तेव्हा बऱ्याचदा रोबोट ठणठणीत असतो आणि एखादा पन्नास पैशाचा लग (वायरच्या टोकाची क्लिप) सुटलेला असतो.

एक छोटी वही ठेवा खिशात. अलार्म नंबर, कशाने आला, काय केल्यावर गेला, तारीख. माझ्या तीन वह्या भरल्यात, तेलाच्या बोटांचे डाग पडलेल्या, आणि खरं सांगतो, इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा वही बघून माणूस जास्त प्रश्न विचारतो.

शेवटचं, हे माझ्यासोबत झालंय म्हणून. मी आधीची कंपनी सोडली तेव्हा चार वर्षं रोबोट सेल सांभाळला होता, आणि अनुभवाच्या दाखल्यावर लिहून दिलं "हेल्पर". कारण कागदावर माझी भरतीच कॉन्ट्रॅक्टरकडून हेल्पर म्हणून झालेली. पुढच्या ठिकाणी पगार त्या एका शब्दावर ठरला. म्हणून सोडायच्या आधी, चांगले संबंध असताना, एचआरला गोड बोलून दाखल्यात कामाचं स्वरूप लिहून घ्या, रोबोटची कंपनी, कंट्रोलरचं मॉडेल, टीचिंग केलं का नुसतं ऑपरेट केलं, किती महिने. टाळाटाळ केली तर मेल टाका, लेखी उत्तर आलं तर ते जपून ठेवा. मावसभावाला पण हेच सांगितलं, तो म्हणाला दादा अजून रोबोटचं प्लास्टिक पण निघालं नाही. म्हटलं म्हणूनच आत्ता सांगतोय.