‘स्टेट’ म्हणजे दर वेळी ‘राज्य’ नव्हे

सोलापुरात बातम्यांचं किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचं भाषांतर करणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते. ‘स्टेट’ दिसला की हात आपसूक ‘राज्य’ लिहितो. त्याआधी क्रियापद बघा. ‘अफेअर्स ऑफ स्टेट’ चालवले, हाताळले जात असतील तर तो ‘राज्यकारभार’. निमंत्रण, पोशाख, उपस्थिती यांचा उल्लेख असेल, तर तो ‘शासकीय समारंभ’.

पंढरपूरची आषाढी एकादशी आठवा. पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची पूजा करतात, ती ‘शासकीय महापूजा’. तिथे कारभार चालत नाही, शासनाच्या वतीने विधी होतो. ‘स्टेट’चा समारंभाचा अर्थ नेमका हाच, म्हणून ‘स्टेट फ्युनरल’ला मराठीत ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ म्हणतात. ‘इतमाम’ सोडू नका. तिरंग्यात लपेटलेलं पार्थिव, पोलिसांची मानवंदना, हवेत झाडलेल्या फैरी हे सगळं त्या एका शब्दात येतं.

सर्वांत जास्त चुका हिंदी मजकुरावरून होतात. हिंदीत ‘राजकीय सम्मान’ म्हणजे शासकीय सन्मान. मराठीत ‘राजकीय’ म्हटलं की पक्ष आणि निवडणुकाच डोळ्यांपुढे येतात. ‘राजकीय दुखवटा’ छापून गेला की तो एखाद्या पक्षाने पाळल्यासारखा वाटतो. ‘शासकीय दुखवटा’ लिहा.

‘लाइंग इन स्टेट’मध्ये तर ‘राज्य’ शोधूच नका. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांचं पार्थिव लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ‘अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं’, एवढंच मराठी पुरतं.

‘हेड ऑफ स्टेट’ म्हणजे राष्ट्रप्रमुख, आपल्याकडे राष्ट्रपती. पंतप्रधान हे शासनप्रमुख.

राज्यघटनेत पहिलं अक्षर मोठं आहे की लहान यावर विसंबू नका. कलम 1 मधले ‘स्टेट्स’ म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक अशी घटकराज्यं; कलम 12 मध्ये मात्र केंद्र सरकार, संसद, राज्यांची सरकारं आणि विधिमंडळं, शिवाय स्थानिक संस्थाही येतात. म्हणजे मूलभूत हक्कांच्या बाबतीत सोलापूर महानगरपालिकाही ‘स्टेट’च. स्पष्टीकरण लिहिताना इथे ‘राज्यसंस्था’ वापरलं की गोंधळ मिटतो.

जुन्या कागदांत ‘अक्कलकोट स्टेट’ आलं तर ‘अक्कलकोट संस्थान’ लिहा. ते 1948 मध्ये विलीन झालं. त्यानंतरच्या मजकुरात तोच शब्द दिसला तर आधी मूळ कागदावरची तारीख तपासा.