सहा स्क्रीन आणि एकच एक्स्टेंशन बोर्ड: ट्रेडिंगचा संगणक उभारताना या चुका टाळा

शेअर बाजारात रोज व्यवहार करणाऱ्यांना अनेक मॉनिटरचे संगणक जोडून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. या काळात प्रोसेसर कमी पडला म्हणून कोणाचा सौदा अडकल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. सौदे अडकतात ते तीनशे रुपयांच्या केबलमुळे, भिंतीतल्या ढिल्या सॉकेटमुळे आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे विसरलेल्या राउटरमुळे. तरीही नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा असतो, कारण कोणाच्या तरी व्हिडिओत त्याने आठ स्क्रीन आणि रंगीत दिवे पाहिलेले असतात. तक्ते आणि आकडे दाखवण्यासाठी खेळांचे महागडे कार्ड लागत नाही. साधे, कमी वीज खाणारे, चार मॉनिटर चालवणारे कार्ड पुरते, आणि उरलेले पैसे कुठे घालावेत हे पुढे येईलच.

पहिली मोठी चूक म्हणजे भोके मोजून मॉनिटर विकत घेणे. कार्डाच्या मागे तीन पोर्ट आणि मदरबोर्डवर दोन पोर्ट दिसले की लोक पाच मॉनिटर आणतात. मग कळते की प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर आहे, म्हणजे त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही आणि मदरबोर्डवरची ती दोन भोके केवळ शोभेची आहेत. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असले तरी वेगळे कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात आणि बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन मल्टी-मॉनिटरची सोय हाताने चालू करावी लागते. कार्ड एकाच वेळी किती मॉनिटर चालवू शकते हा आकडा त्याच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. तो पोर्टच्या संख्येइतकाच असेल असे गृहीत धरू नये.

केबलच्या बाबतीतही हाच उतावळेपणा दिसतो. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय या मॉनिटर जोडण्याच्या दोन पद्धती. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल एकाच दिशेने चालते: डिस्प्लेपोर्टचे टोक संगणकाला आणि एचडीएमआयचे टोक मॉनिटरला. तीच उलटी लावून ‘मॉनिटर खराब निघाला’ म्हणून खोके परत पाठवणारे मी पाहिले आहेत. एका मुलाची तक्रार होती की नव्या फोर-के मॉनिटरवर माउस जड चालतो, जणू चिखलातून ओढत आहोत. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलते, हे त्याला दुकानात कोणी सांगितले नव्हते. डिस्प्लेपोर्टवर आणल्यावर ते ६० वेळा बदलू लागले आणि माउस हलका झाला. यूएसबीतून मॉनिटर काढणारे अडॅप्टर मी फक्त बातम्यांच्या किंवा हिशेबाच्या स्क्रीनसाठी वापरतो, कारण चित्र आवळून पाठवण्याचे त्यांचे काम प्रोसेसरवर पडते आणि नेमके सव्वानऊला, बाजार उघडताना, प्रोसेसरला तेवढी फुरसत नसते.

माझी सवय अशी आहे की एकही स्क्रू आवळण्यापूर्वी सगळे सुटे भाग टेबलावर वर्तमानपत्र पसरून जोडायचे, सगळे मॉनिटर जमिनीवर उभे करून एकदा सुरू करायचे आणि मगच कॅबिनेटला हात लावायचा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मी नेलपॉलिशचे ठिपके देतो. पहिल्या मॉनिटरला एक, दुसऱ्याला दोन, असे. लोक हसतात, पण टेबलाखाली आडवे पडून सहा काळ्या केबलींतून एक शोधायची वेळ आली की तेच लोक ठिपके मोजतात.

आता विजेकडे येतो, कारण सर्वाधिक नुकसान मी येथेच पाहिले आहे. २०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. त्या वेळी निफ्टी निर्देशांकाच्या साप्ताहिक ऑप्शनची, म्हणजे त्याच्या चढउतारावरच्या करारांची, मुदत गुरुवारी संपत असे. ठाण्यातल्या एका गृहस्थांनी कॉल (चढण्यावरचा करार) आणि पुट (पडण्यावरचा करार) दोन्ही विकून ठेवले होते, म्हणजे बाजार कोणत्याही बाजूला फार हलला की तोटा. दुपारी पावणेतीनच्या आसपास वीज गेली. हवा गार असल्यामुळे पंखा बंदच होता, खिडकीतून पुरेसा उजेड येत होता, आणि यूपीएसचा (वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालवणाऱ्या डब्याचा) बझर रोज ओरडतो म्हणून त्यांनी स्वतःच कंटाळून बंद करून टाकला होता. संगणक आणि सहाही स्क्रीन यूपीएसवर व्यवस्थित चालू राहिल्या. बंद पडला तो फक्त बाहेरच्या खोलीतला राउटर. भाव जिथल्या तिथे थांबले, आणि बाजार आज शांत आहे अशा समजुतीने हे गृहस्थ चहा पीत बसून राहिले. एका खिडकीतले घड्याळ पुढे सरकत नाही हे ध्यानात आले तेव्हा सात-आठ मिनिटे गेली होती. मोबाइलचे इंटरनेट संगणकाला जोडले, तर पुन्हा लॉगिन मागितले गेले. ब्रोकरचा फोनवरून सौदा करण्याचा क्रमांक होता, पण तो संगणकातल्या एका फाइलमध्ये होता. गोंधळात त्यांनी पहिला फोन ब्रोकरला न करता मला केला! तोवर निफ्टी साठेक अंकांनी वर गेला होता, आणि त्यांचा स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्यावर सौदा आपोआप मोडण्याचा आदेश, बाजाराच्या यंत्रणेत नव्हता, मनात होता.

दोष माझाही होता. राउटर कुठे आहे हे मी विचारलेच नव्हते. आता मी घरात शिरल्यावर आधी राउटर पाहतो. फायबरच्या जोडणीत अनेकदा भिंतीवर एक पांढरा डबा आणि त्याच्या शेजारी वेगळा राउटर असतो. दोघांनाही यूपीएसची वीज लागते, आणि लोक हटकून एकच जोडतात. ही दोन्ही यंत्रे मिळून संगणकाच्या मानाने नगण्य वीज खातात, म्हणून त्यांच्यासाठी मी वेगळा छोटा यूपीएस लावतो, जो मोठा यूपीएस दमल्यावरही बराच वेळ टिकतो. एवढे करूनही, जोडणी स्थानिक केबलवाल्याकडून घेतली असेल आणि त्याचा स्विच शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर साध्या विजेवर चालत असेल, तर आपल्या घरचा यूपीएस काही कामाचा नाही. दुसरी जोडणीही त्याच खांबावरून येत असेल तर ती दुसरी म्हणताच येत नाही. मोबाइल डेटा हीच खरी वेगळी वाट आहे, आणि ती आठवड्यातून एकदा चालवून पाहावी लागते.

यूपीएसच्या खोक्यावरच्या आकड्यानेही लोक फसतात. ६०० व्हीए लिहिलेल्या सामान्य यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॉटच्या आसपास असते. २४ इंची सहा मॉनिटर साधारण १३० ते १५० वॉट घेतात, संगणक कामाच्या भरात तेवढेच किंवा अधिक घेतो, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी असते. विजेचा भार पूर्ण असताना ती काही मिनिटांतच संपते. ती मिनिटे पोझिशन, म्हणजे उघडे सौदे, सोडवून यंत्र नीट बंद करण्यासाठी आहेत, व्यवहार चालू ठेवण्यासाठी नाहीत. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचाच असेल, तर त्यावरचे बटण यूपीएस मोडवर आहे ना हे पाहावे, नाहीतर वीज जाताच बदलाच्या क्षणी संगणक पुन्हा सुरू होतो. शनिवारी बाजार बंद असताना, सगळे चालू ठेवून मी घराचा मेन स्विच पाडतो आणि हातात घड्याळ धरून उभा राहतो. ग्राहकांना हे आवडत नाही. एकाने तर विचारले, ‘अहो, मुद्दाम कशाला बिघडवता?’

अर्थिंगबद्दल मी जरा हटवादी आहे, आणि त्याला कारण नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांची तक्रार होती की खुर्चीवरून उठले की मधली स्क्रीन दोन सेकंद काळी होते आणि परत येते. फोनवर ऐकून मी हसलो. प्रत्यक्ष गेल्यावर त्यांनी मला समोर बसवून खुर्चीवरून दहा वेळा उठबस करून दाखवली, आणि त्यांपैकी चार वेळा स्क्रीन खरोखरच गेली. हिवाळ्यातली कोरडी हवा, कृत्रिम धाग्याचे कापड, आणि खुर्चीच्या पायात उंची बदलणारा गॅसचा सिलिंडर. उठताना साचलेली स्थिर वीज क्षणात मोकळी होते, त्याची लहर केबल पकडते आणि चित्र तुटते. मॉनिटरची केबल तीन मीटर लांब, बारीक आणि नावापुरतीच आवरण असलेली होती. सॉकेट उघडला तर तिसऱ्या, वरच्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. वायरमनने टेस्टर लावून ‘सगळे ठीक’ असे सांगितले होते म्हणे. टेस्टर फक्त फेज दाखवतो, अर्थिंग दाखवत नाही. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टांपेक्षा फारसे नसावे. वायर ओढून घेतली, चांगल्या आवरणाची दीड मीटरची केबल लावली, आणि तेव्हापासून ते निर्धास्तपणे चहाला उठतात.

उरलेल्या चुका लहान आहेत, पण रोज दिसतात. काचेच्या टेबलाला मॉनिटरचा आर्म कधीही आवळू नये. भुशाच्या पातळ फळीलाही आवळायचा असेल तर खाली-वर लोखंडी पट्टी घालावी. मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची भोके आहेत ना, हे घेण्यापूर्वीच पाहावे. चोवीस इंची मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो, तेव्हा चार फुटी टेबलावर तीन मांडले तर बाजूचे हवेत लोंबतात. फोर-के आणि साधे मॉनिटर शेजारी ठेवले की अक्षरे एकीकडे मुंगीएवढी आणि दुसरीकडे बोरांएवढी दिसतात. एकाच मापाचे, एकाच जातीचे घ्यावेत. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. विंडोजचे अद्यतन शनिवारी हाताने करावे. मॉनिटर बंद करून परत लावला की खिडक्या भलतीकडे उड्या मारतात, त्यासाठी विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो सोडून दर सकाळी खिडक्या ओढत बसणारे लोक माझ्या समजुतीपलीकडचे आहेत.

किती स्क्रीन घ्याव्यात, हे मला सगळे विचारतात. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्यांच्या टेबलावर स्क्रीन कमी होत्या असे वाटत नाही. मी दोन लावून देतो, आणि तिसरी जोडता येईल एवढी जागा व पोर्ट राखून ठेवतो. तीन महिन्यांनी तिसऱ्या स्क्रीनवर नेमके काय ठेवणार हे कागदावर लिहून आणले, तर ती त्याच दिवशी बसवतो. ब्रोकरचा फोन क्रमांक मात्र पहिल्याच दिवशी, जाड पेनाने लिहून, समोरच्या मॉनिटरच्या खालच्या चौकटीवर चिकटवतो.