नवीन शिक्षकांनो, सोमवारी आवाज परत येतो यावर विश्वास ठेवू नका

टीईटी, टेट या परीक्षा, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरचे प्राधान्यक्रम हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, त्यात मी पडत नाही. मी बोलणारे घशाबद्दल. बी.एड.ला फळ्यावरचं अक्षर, प्रश्न कसा विचारायचा, चेतक बदल (म्हणजे हावभाव-हालचाली बदलत मुलांचं लक्ष टिकवणं), सगळं घोटून घेतलं पण ज्याच्या जिवावर तीस वर्षं पोट भरायचं त्या आवाजावर एक तास झाला नाही. पाठाला निरीक्षक आले की शेरा एकच, "आवाज खणखणीत ठेवा". कसा ठेवायचा ते कुणी सांगायचं?

माझं काय व्हायचं बघा. सोमवारी आवाज मोकळा. मंगळवारीही चालायचा. बुधवारी शेवटच्या तासाला जरा फाटायचा, गुरुवारी कविता चालीत म्हणताना वरचा सूरच लागायचा नाही, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत हजेरी घेताना तोंडातून नुसती हवा. रविवारी गप्प, सोमवारी परत मोकळा! मग कोण कशाला डॉक्टरकडे जातंय, वाटायचं थकवा आहे, सवय होईल. स्टाफरूममधले सीनियर पण हेच सांगतात, "अहो मॅडम, पहिली दोन वर्षं सगळ्यांचाच बसतो, मग घसा तयार होतो." हे साफ खोटं आहे. घसा तयार वगैरे काही होत नाही, त्याला गाठी येतात.

आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या, कारण एकदा समजलं की कुणाच्याही गोळ्यांना फसणार नाही. बोलताना दोन स्वरतंतू टाळ्या वाजवल्यासारखे एकमेकांवर आपटतात, बायकांचे साधारण सेकंदाला 200 वेळा, पुरुषांचे शंभर-सव्वाशे वेळा. म्हणून आपल्यात हा त्रास बायकांना जास्त. ओरडलं की आपटणं जोरात, जोरात आपटलं की सूज, सूज आली की आवाज जाड आणि दबका, मग मागच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून आपण अजून जोर लावतो. रविवारी सूज उतरते हे खरंय, पण रोजच्या आपटण्याने जिथे कडकपणा धरायला लागलेला असतो तो एका दिवसात जात नाही. त्यामुळे आवाज परत येतो का हे बघू नका, तो कुठल्या वारी जातो ते बघा. जूनमध्ये शनिवारी जात असेल, ऑगस्टात गुरुवारी, गॅदरिंगच्या तयारीत मंगळवारीच, तर हे वाढतंय. पुढे पुढे दिवाळीची सुट्टी लागते आवाज यायला, आणि नंतर दिवाळीही पुरत नाही.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. सकाळी अगदी हळू आवाजात, वरच्या पट्टीत काहीतरी गुणगुणा. जोर लावला की सूर लागतो पण हळू म्हटलं की तुटतो किंवा नुसती हवा येते, असं रोज व्हायला लागलं तर सूज आहे समजा. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचंच, आणि दुर्बिणीने स्वरयंत्र न बघता नुसतं अँटिबायोटिक लिहून दिलं तर दुसरा डॉक्टर गाठा. थुंकीतून रक्त, गिळायला त्रास, तंबाखू-मिसरीची सवय यातलं काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका.

घाबरू नका मात्र. गाठ म्हटलं की आपल्या मनात नको ते येतं, पण या गाठी कॅन्सरच्या नसतात आणि बहुतेक वेळा व्हॉइस थेरपीने, बोलण्याची पद्धत बदलून कमी होतात, सुरीपर्यंत जावं लागत नाही. माझ्याही झाल्या. स्पीच थेरपिस्ट फक्त तोतऱ्या मुलांसाठी असतात असा आपल्याकडे समज आहे, तसं नाहीये. मुंबईत नायर हॉस्पिटल, वांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ इथे स्पीच थेरपी हा विषय शिकवतातच.

ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, हळदीचं दूध, खुशाल घ्या, मीही घेते, बरं वाटतं. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी, त्यांना त्याचा थेंबही लागत नाही. गुळण्याही तिथवर पोचत नाहीत. वाफ पोचते. आणि आवाज बसल्यावर कुजबुजत शिकवणं तर बंदच करा, जोर लावून कुजबुजलं की घशावर ताणच येतो. त्यापेक्षा खालच्या सुरात, थोडंच, पण नेहमीचं बोला.

आता खरं दुखणं. पाणी प्या, पाणी प्या सगळे सांगतात, बाथरूमबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या पहिल्या शाळेत बायकांसाठी एकच, त्यालाही कडी नाही आणि सलग चार तास, मग कोण पाणी पितंय? आम्ही सगळ्याजणी दुपारपर्यंत कोरड्या. शिक्षण हक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला 35, आणि नववीच्या माझ्या वर्गात सत्तरच्या घरात मुलं, वर पत्रा, पावसाळ्यात त्याचा आवाज, पाऊस संपला की कारखाना सुरू, मग उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून खिडकीखालून. गोंगाट वाढला की माणूस आपोआप ओरडतो, ठरवून नाही, त्यामुळे "ओरडू नका" हा सल्ला वर्गात टिकत नाही. शिक्षणसेवक असाल तर अजून अवघड, 2023 पासून मानधन प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार, तीन वर्षं कायम होतो की नाही ही टांगती तलवार, त्यात "घसा बसलाय, बदली तास नको" म्हणायची हिंमत होत नाही. तरी म्हणा. डॉक्टरची चिठ्ठी लेखी द्या, पोच घ्या.

माझा हट्ट एकच, कमरेला लावायचा माईक घ्या. दीड-दोन हजारांत येतो. पहिला आठवडा पोरं हसतात, सहकारी "काय मॅडम, भाजी विकायला?" म्हणतात, मग तेच मागायला येतात. फक्त माईक लावून परत ओरडू नका, घरी बोलतो तसं बोला. शाळेत निघायच्या आधी ग्लासात दोन बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि बुडबुडे काढत "ऊ" म्हणायचं, दोन-तीन मिनिटं. येडपट वाटतं, पण थेरपिस्टने शिकवलेल्यातलं मी अजून हेच करते. परिपाठाला शांत करायला शिट्टी किंवा टाळी, घसा नाही.

टाइमटेबल जूनमध्ये शाळा भरायच्या आधीच ठरतं, तेव्हाच पर्यवेक्षकांकडे जा आणि सलग दोनच्या वर तास नको, मध्ये ऑफ तास हवा म्हणून मागा, नंतर कुणी बदलत नाही. आणि माईकचं चार्जिंग मधल्या सुट्टीत ऑफिसात लावा, स्टाफरूममध्ये लावलंत तर कुणीतरी काढून स्वतःचा मोबाईल लावतंच.