ऑफिसचा मेसेज: सूर बिघडतो कुठे आणि सावरायचा कसा

‘रिपोर्ट पाठवला नाही.’ टीमच्या ग्रुपवर एवढंच पडलं, तर वाचणारा काय समजेल? ‘मी पाठवला नाही’ ही कबुली, ‘तुम्ही पाठवला नाही’ हा ठपका, ‘त्यांनी पाठवला नाही’ ही तक्रार, की शेवटचं प्रश्नचिन्ह राहून गेलेली साधी चौकशी? कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, त्यामुळे कर्ता गाळला की कोणाबद्दल बोलणं चाललंय ते क्रियापदावरून कळत नाही. समोरासमोर हा गोंधळ होत नाही, कारण आवाजाची चढउतार आणि शेवटचा ‘ना’ किंवा ‘हं’ अर्थ सांभाळून घेतात. मेसेजमधून नेमकं तेच गळतं.

लिहिणाऱ्याला मात्र हे जाणवत नाही, कारण मेसेज लिहिताना स्वतःचा आवाज त्याच्या डोक्यात वाजत असतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही वाक्यं गंभीरपणे, तर काही उपरोधाने, ईमेलवर किंवा बोलून समोरच्याला पोचवायची होती. आपला सूर समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाज ऐकणाऱ्यांनी सुमारे ७३ टक्के वेळा तो बरोबर ओळखला, ईमेल वाचणाऱ्यांनी ५६ टक्के. ५६ म्हणजे नाणं उडवण्याच्या जवळपासच. म्हणून कामाच्या मेसेजमध्ये उपरोध नकोच, जवळच्या सहकाऱ्यालाही नको.

पाठवण्याआधी अर्धा मिनिट काढून चार गोष्टी बघा. कर्ता लिहिलाय का? प्रश्न असेल तर ‘का’ आणि प्रश्नचिन्ह दोन्ही आहेत का? तारीख आकड्यात आहे का? ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे ‘परवाच्या मीटिंगचे मुद्दे’ म्हटलं की एक जण झालेल्या मीटिंगचे मुद्दे शोधतो आणि दुसरा होणाऱ्या मीटिंगची तयारी करतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे क्रियापदाचं रूप. ‘पाठवावे’, ‘कळवावे’ ही परिपत्रकाची भाषा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती हुकमासारखी लागते. त्याऐवजी कारण आणि वेळ सांगून विचारा: ‘चारला क्लायंटचा कॉल आहे, तीनपर्यंत आकडे पाठवाल का?’ यात ‘प्लीज’ नाही, तरी कोणी दुखावत नाही, कारण घाई कशाची ते कळतं.

तू, तुम्ही आणि आपण यांचा हिशेब इंग्रजी मेलमध्ये लागत नाही, मराठीत तो टाळता येत नाही. चहाच्या टपरीवर ज्याला ‘तू’ म्हणता, त्याला वरिष्ठांसमोर ‘तुम्ही’ म्हणणं समजण्यासारखं आहे. पण वाद चालू असताना ‘तू’वरून अचानक ‘आपण’वर गेलात, तर समोरचा ते नातं तोडल्यासारखंच वाचतो. रागात असलात तरी नेहमीचं संबोधन बदलू नका.

साहेबांना सीसी करणं हे सगळ्यात महागात पडणारं बटण. सुरुवातीपासून ते मेलमध्ये असतील तर कोणाला काही वाटत नाही. चौथ्या मेलला आले की ती तक्रार ठरते. काम ज्या व्यक्तीकडे अडलंय, आधी तिलाच एक आठवण पाठवा, एक कामाचा दिवस थांबा, मग फोन करा. तरीही काम अडलेलंच असेल, तर तिला सांगूनच सीसी करा आणि मेलच्या पहिल्या ओळीत कारण लिहा: ‘मंजुरी हवी आहे म्हणून सरांना जोडतोय.’

निळ्या टिकांचा पुरावा म्हणून वापर करू नका. व्हॉट्सॲपवर रीड रिसीट बंद केल्या तरी ग्रुपमध्ये कोणी वाचलं ते ‘इन्फो’त दिसतंच. पण ‘तुम्ही ४ वाजून १० मिनिटांनी वाचलंय’ असं लिहिलं की समोरच्याला पाळत ठेवल्यासारखं वाटतं. उलट तुम्ही वाचलंत आणि उत्तराला वेळ लागणार असेल, तर ‘बघितलं, सहापर्यंत सांगतो’ एवढं लगेच टाका. नुसता अंगठा माहितीला चालतो, पण विनंतीवर त्याचा अर्थ ‘करतो’ की ‘वाचलं’ हे कळत नाही.

चुकीचं गेलंच, तर जीमेलच्या जनरल सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतं; ते आजच करून ठेवा. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. डिलीट केला तर खूण मागे राहते आणि काय लिहिलं होतं याची कुजबुज सुरू होते, म्हणून शक्य तिथे दुरुस्तीच बरी. डिलीट करावाच लागला, तर ‘चुकीची फाइल होती’ असं खरं कारण लगेच लिहा.

घरून काम करणाऱ्या नव्या माणसाकडे खास लक्ष द्या. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९२ मध्ये मांडलं की लेखी संवादातूनही ओळख घट्ट होते, फक्त वेळ जास्त लागतो. त्यामुळे पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटांचा कॉल ठेवा, अजेंडा न ठेवता, आणि हवं तर कॅमेरा बंद ठेवून. पुढे त्याचा एखादा तुटक मेसेज आला, तर तो वाचताना तुमच्या कानात त्याचा आवाज असेल.

आणि शब्दाला शब्द लागलाच, तर दुसऱ्या तिखट उत्तरानंतर टाइप करणं थांबवा. त्याच दिवशी फोन करा. सुरुवात स्वतःच्या मेसेजपासून करा: ‘मघाशी मी फार तुटक लिहिलं. मला आकडे जुळत नाहीत एवढंच सांगायचं होतं. पाच मिनिटं बोलू या का?’ मिटलं की तिथेच सोडू नका. भांडण सगळ्या ग्रुपने पाहिलेलं असतं, समेट फक्त दोघांना ठाऊक असतो. म्हणून ग्रुपवर दोघांच्या नावाने एक ओळ टाका: ‘आम्ही बोललो, आकडे जुळले, सुधारित शीट साडेपाचला येईल.’