टायमिंग बेल्ट बदलला आणि प्लगला करंटच नाही? या चुका टाळा

बेल्ट बसला, कव्हर लागलं, बॅटरी जोडली. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय, पकडत नाही. प्लग काढून बघितला तर करंट नाही. मुंबईतल्या गॅरेजात अशा वेळी हमखास ऐकू येतं, "साहेब, कॉइल गेली. ईसीएमपण दाखवून घ्यावा लागेल." पैसे काढण्याआधी एवढंच आठवा की गाडी सकाळी चालत गॅरेजला आली होती. बेल्टच्या कामात कॉइलला (प्लगला करंट देणारा भाग) किंवा ईसीएमला (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सहसा कुणी हात लावत नाही. हात गेले ते पुलीपाशी, खालच्या कव्हरपाशी, इंजिन माउंटिंगपाशी आणि बॅटरीपाशी. दोषही आधी तिथेच शोधायचा.

टायमिंग चुकलं म्हणून करंट गेला, असं लगेच ठरवू नका

बेल्ट बसवताना पुलीवरच्या जुळवायच्या खुणा, म्हणजे मार्क, एक-दोन दात चुकले तर बहुतेक गाड्यांत करंट येतोच. वाल्व मात्र भलत्या वेळी उघडतात, म्हणून इंजिन खोकतं, फटाके मारतं, थरथरतं किंवा सुरूच होत नाही. करंट अजिबात नसणं ही वेगळी तक्रार आहे. बहुतेक वेळा तिचा अर्थ असा की क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) फिरतोय हे ईसीएमला कळतच नाही, किंवा कॉइलपर्यंत सप्लाय पोचत नाही.

याला अपवाद आहेत. काही गाड्यांचा ईसीएम क्रँक आणि कॅमचा (बेल्टने फिरणारा, वाल्व उघडणारा दांडा) सिग्नल जुळला नाही तर गाडी सुरूच होऊ देत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) कॅमशाफ्टवरच फिरतो. तिथे कॅप उघडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर जागचा हलत नसेल तर बेल्ट कॅमला फिरवतच नाहीये, मग वायरिंग तपासत बसण्यात अर्थ नाही. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका आणि एकसुरी येत असेल, कॉम्प्रेशनचा जोर जाणवत नसेल, तर ताबडतोब थांबा. पिस्टन आणि वाल्व एकमेकांवर आदळतील अशा रचनेच्या इंजिनात नंतरचा प्रत्येक सेल्फ हेडचं काम वाढवतो.

म्हणून बेल्ट बसवल्यावर सेल्फ मारण्याआधी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक फेरा होतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर सगळे मार्क पुन्हा जुळले पाहिजेत. मध्येच घट्ट अडलं तर जोर लावू नका. ही पायरी गाळणाऱ्या गॅरेजवर माझा भरवसा बसत नाही.

प्लग ओला की कोरडा, हे न बघणं

या तपासणीला पैसे लागत नाहीत, तरी ती सर्रास राहून जाते. इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सरचा (क्रँक फिरतोय हे ईसीएमला कळवणारा सेन्सर) सिग्नल नसेल तर ईसीएम कॉइलही पेटवत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. म्हणून पेट्रोलवर थोडा वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा निघाला आणि करंटही नाही, तर संशय क्रँक सेन्सरवर, मेन रिलेवर (ईसीएमला सप्लाय देणारा स्विच) किंवा इमोबिलायझरवर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) घ्या. प्लग पेट्रोलने भिजलेला आहे पण करंट नाही, तर कॉइलचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड), तिचा सप्लाय, तिची अर्थ बघा. एका प्लगवरून अर्धा शोध संपतो.

स्कॅनर (ईसीएममधले कोड वाचणारं यंत्र) असेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघा. तो दीडशे-दोनशेच्या आसपास हलला तर सिग्नल येतोय. शून्यावरच राहिला तर सिग्नल नाही. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३४० कॅम सेन्सरचा. पण कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असं नव्हे. कपलर लावायचा राहिला तरी हाच कोड येतो.

क्रँक सेन्सर न तपासताच नवा आणणं

बऱ्याच इंजिनांत हा सेन्सर क्रँक पुलीजवळ, म्हणजे नेमका बेल्टच्या कामाच्या जागी असतो. काही गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाजूला असतो, तिथे त्याला धक्का लागण्याची शक्यता कमी. पुलीजवळ असेल तर आधी कपलर पूर्ण आत बसून लॉक झालाय का ते बघा. मग वायर हाताने चाचपत खालपर्यंत जा. ती कव्हरच्या कडेखाली चेपलेली असते, किंवा क्लिपमधून सुटून बेल्टला घासत असते. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसून घ्या.

त्यानंतर दातांची चकती, जिचे दात समोरून गेले की सेन्सर सिग्नल देतो. काही इंजिनांत ती क्रँकच्या छोट्या गिअरमागे सुटी असते. ऑइल सील बदलायला गिअर काढला की चकतीही हातात येते, आणि परत बसवताना उलटी बसते, वाकते किंवा टेबलावरच राहून जाते. बाकी सगळं नीट असूनही सेन्सरला मग काहीच दिसत नाही. सेन्सर आणि दात यांच्यातली फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

मीटर लावायचा तर आधी वायरी मोजा. दोन वायरींचा सेन्सर बहुधा चुंबकी कॉइलचा असतो. त्याचा रेझिस्टन्स सहसा काहीशे ओहमपासून हजारच्या आसपास भरतो, आणि सेल्फ मारताना मीटरवर थोडा एसी व्होल्टेज दिसतो. तीन वायरींचा बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला. त्यावर ओहम मोजून निदान होत नाही. चावी ऑन करून कपलरवर सप्लाय (५ किंवा १२ व्होल्ट) आणि अर्थ येतेय का ते तपासा, मग सेल्फ मारताना सिग्नल वर-खाली होतोय का ते बघा. शेवटी नवा घ्यावाच लागला तर ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जुना सेन्सर सोबत न्या, त्यावरचा पार्ट नंबर आणि टोकाची लांबी जुळवून घ्या. वरून सारखे दिसणारे दोन सेन्सर लांबीत किंचित वेगळे असले तरी फट बिघडते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना माल फार तर चाचणीपुरता.

मुंबईत आणखी दोन गोष्टी बघाव्याच लागतात. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत खालच्या कपलरच्या पिना आधीच हिरव्या पडलेल्या असतात, आणि बेल्टच्या कामात कपलर एकदा काढून लावला की त्या साथ सोडतात. दुसरी गोष्ट सीएनजी. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटांत टायमिंग अ‍ॅडव्हान्सर (सीएनजीवर ठिणगी थोडी आधी पाडणारी पेटी) असतो आणि तो क्रँक सेन्सरची वायर कापून मध्ये जोडलेला असतो. त्याचा टेपने गुंडाळलेला जोड सुटला की सेन्सर चांगला असूनही सिग्नल ईसीएमपर्यंत जात नाही. अ‍ॅडव्हान्सर तात्पुरता बाजूला काढा, मूळ वायर सरळ जोडा आणि मग बोला.

अर्थ आणि फ्यूज विसरणं

बेल्टसाठी त्या बाजूचं माउंटिंग सोडावं लागतं, आणि अर्थची पट्टी अनेकदा तिथल्याच बोल्टला असते. ती लोंबकळत राहिली की सगळंच विचित्र वागतं. इग्निशन आणि ईसीएमचे फ्यूज बघा. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी ती चार्ज करा, कमी व्होल्टेजवर ईसीएम नीट चालत नाही. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर अडवतोय. काही गाड्यांत कॉइलचा रिले क्रँकचा सिग्नल आल्यावरच टिकतो, त्यामुळे कॉइलला सप्लाय नाही म्हणून लगेच वायरिंग कापू नका.

प्लगची वायर हवेत धरून करंट बघणं

हे कृपया करू नका. कॉइल हजारो व्होल्ट देते. ठिणगीला वाट मिळाली नाही तर तेवढ्यानेच चांगली कॉइल जळू शकते, आणि शेजारी पेट्रोलची वाफ असते. स्वस्तातला स्पार्क टेस्टर वापरा, त्याची अर्थ इंजिनला घट्ट लावा आणि इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको.

गाडी सुरू झाली की कोड पुसा, थोडी चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. पी००१६ आला तर क्रँक आणि कॅम जुळलेले नाहीत, बेल्टचा दात चुकला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा मात्र कव्हर परत उघडायचं, आणि त्याची मजुरी दुसऱ्यांदा लागणार नाही हे गॅरेजवाल्याशी काम द्यायच्या वेळीच बोलून घ्यायचं.