लहान मुलांसोबत संग्रहालय बघताना

चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन सगळं संग्रहालय बघून काढायचा हट्ट सोडा. एक-दोन दालनं, फार तर तासभर, पुरे. संग्रहालयात मोठी माणसंही दमतात. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच या थकव्यावर लिहिलं होतं आणि वाकून, मान ताणून बघायला लावणाऱ्या मांडणीकडे बोट दाखवलं होतं. मुलांची उंची तर आणखी कमी! म्हणून काचपेटीसमोर आधी स्वतः उकिडवे बसा. तिथून नुसती दिव्याची तिरीप दिसत असेल, तर मुलाला कडेवर घ्या.

सुरुवात ओळखीच्या वस्तूंपासून करा: दिवा, पाळणा, कुलूप, खेळणं. सनावळ्या राहू द्यात. ‘हे कोण वापरत असेल?’ एवढं विचारा आणि उत्तराची खरंच वाट बघा. मुलं फार छान उत्तरं देतात.

कापड आणि जुन्या कागदांच्या दालनात उजेड मुद्दाम मंद, साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), ठेवतात, कारण प्रकाशाने रंग उडतात. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला हे दारातच सांगा. ‘हात लावू नकोस’ असं नुसतं दटावण्यापेक्षा घामातल्या मिठाने धातू गंजतो हे सांगितलं, तर त्याला ते पटतं. हातांना काम म्हणून छोटी वही आणि पेन्सिल द्या. पेन नको, शाईचे डाग पडतात.

मूल कंटाळायच्या आत बाहेर पडा. उरलेलं पुढच्या खेपेला.