फिनलंडमध्ये शिकायला जाण्यापूर्वीची तयारी

फिनलंडमधील उच्चशिक्षणासाठी अर्ज करण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी पैशांचा हिशेब मांडावा. तेथील शिक्षण फुकट असते ही आपल्याकडे अजूनही फिरणारी समजूत भारतीय विद्यार्थ्यांपुरती २०१७ च्या शरद सत्रापासून खरी राहिलेली नाही. इंग्रजी माध्यमाच्या पदवी आणि मास्टर्स अभ्यासक्रमांना युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेणे तेव्हा बंधनकारक झाले. कायद्याने वर्षाला किमान १,५०० युरोंची अट घातली असली, तरी बहुतेक संस्था साधारण ८,००० ते १८,००० युरो घेत आल्या. आता कायदा पुन्हा बदलला असून, ऑगस्ट २०२६ पासून शिक्षण सुरू करणाऱ्यांना पूर्ण खर्च भरून निघेल इतके शुल्क लावायचे आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राने सांगितलेला आकडा धरून बसू नये. त्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावरचा चालू वर्षाचा आकडाच वहीत उतरवून घ्यावा. फिनिश किंवा स्वीडिश माध्यमातील पदवी शिक्षणाला आणि पीएचडीला मात्र शुल्क नाही, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे.

त्यानंतर संस्थेचा प्रकार ठरवावा, कारण तेथे उच्चशिक्षणाच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत. शिक्षण व संस्कृती मंत्रालयाच्या कक्षेत १३ विद्यापीठे आहेत. त्यांचा भर संशोधनावर असतो आणि तेथील मास्टर्स १२० क्रेडिटचे, म्हणजे दोन वर्षांचे असते. दुसऱ्या शाखेत २२ उपयोजित विज्ञान विद्यापीठे येतात. त्यांना फिनिशमध्ये ‘अम्मात्तिकोर्केआकोउलु’ म्हणतात, आणि त्यांचे शिक्षण उद्योग, आरोग्यसेवा, अभियांत्रिकी अशा प्रत्यक्ष कामाशी जोडलेले असते. यांच्या मास्टर्सला पदवीनंतरचा दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून नुकतेच बीई किंवा बीकॉम झालेल्याने तिकडे अर्ज करून वेळ घालवू नये.

निधी कसा वाटला जातो हे वाचून ठेवणे अर्जदाराला अनावश्यक वाटेल, पण माझ्या मते याच भागावर एक संध्याकाळ खर्च करावी. २०१० मध्ये विद्यापीठे सरकारी खात्याचा भाग न राहता स्वतंत्र कायदेशीर संस्था झाली. आल्टो आणि तांपेरे ही दोन तर प्रतिष्ठानाच्या रूपात चालतात. तरीही त्यांच्या निधीचा मोठा वाटा मंत्रालयाकडूनच येतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या डोक्यांवर नव्हे तर कामगिरीच्या सूत्रावर ठरतो. २०२१ ते २०२४ च्या सूत्रात विद्यापीठांचा ४२ टक्के निधी शिक्षणाशी, ३४ टक्के संशोधनाशी आणि २४ टक्के धोरणात्मक उद्दिष्टांशी बांधलेला होता. उपयोजित विद्यापीठांत शिक्षणाचाच वाटा ७६ टक्के होता. त्यातही पूर्ण झालेल्या पदव्या मोजल्या जातात, आणि ठरल्या मुदतीत मिळवलेल्या पदवीला अधिक वजन मिळते. रेंगाळणारा विद्यार्थी संस्थेला परवडत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी चालू राहण्यासाठी अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी ६० च्या आसपास क्रेडिट मिळवण्याची अट असते; तिचा अर्थही या हिशेबाजवळच शोधावा.

शुल्क घेणाऱ्या संस्थेने शिष्यवृत्तीची योजनाही ठेवली पाहिजे असे कायदाच सांगतो. ती बहुधा प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मागायची असते. नंतर विचारल्यास उपयोग होत नाही. स्थानिक विद्यार्थ्यांना ‘केला’ या सामाजिक विमा संस्थेकडून अभ्यास अनुदान आणि सरकारी हमीचे कर्ज मिळते. त्यावर आपला हक्क आहे असे गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. विद्यार्थी उपाहारगृहातील जेवण मात्र ‘केला’च्या अनुदानामुळे सुमारे तीन युरोंत मिळते आणि त्याचा लाभ परदेशी विद्यार्थ्यांनाही होतो. लहान बाब आहे, पण महिन्याच्या खर्चात जाणवते.

अर्ज ‘ओपिंतोपोल्कू’ या सरकारी संकेतस्थळावरून होतात. इंग्रजी माध्यमाच्या पदवीसाठी जानेवारीत संयुक्त अर्ज भरायचा असून त्यात सहापर्यंत पर्याय देता येतात. मास्टर्सच्या तारखा विद्यापीठागणिक पाहाव्यात. हा सारा व्यवहार स्वतः करता येण्याजोगा आहे, त्यासाठी एजंटाला पैसे मोजण्याची गरज नाही.

निवास परवान्यासाठी दरमहा ८०० युरो, म्हणजे वर्षाचे ९,६०० युरो दाखवावे लागतात, आणि घरोघरी गफलत होते ती येथे. ही रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात हवी; वडिलांच्या नावावरची मुदत ठेव किंवा मामांचे हमीपत्र चालत नाही. ती वेळेत वळती करावी. पहिल्या वर्षाचे शुल्क भरल्याची पावती आणि आरोग्य विमाही सोबत लागतो. शिक्षण दोन वर्षांहून कमी असेल तर विम्याचे संरक्षण १,२०,००० युरोंचे, दोन वर्षे वा अधिक असेल तर ४०,००० युरोंचे असावे. आठवड्याला सरासरी ३० तास काम करण्याची मुभा आहे, पण फिनिश न येणाऱ्याला काम लगेच मिळेलच असे नाही, म्हणून ती कमाई पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरू नये.

प्रवेशपत्र हाती पडताच, तिकिटाचे पाहण्याआधी, वसतिगृहासाठी अर्ज करावा: हेलसिंकी परिसरात ‘होआस’, तांपेरेत ‘तोआस’ या विद्यार्थी-निवास संस्थांकडे.